वीतभर पुढे

मुलं उड्या मारायला लागली की मी डोळे मिटतो. नवीन पालकांना ते विचित्र वाटतं, पण मला उडी बघायची नसते, ऐकायची असते. पाय टेकताना 'धप्प' आवाज आला की समजायचं, टाच आपटली, गुडघे ताठ राहिले आणि सगळं वजन हाडांनी झेललं. 'टप' असा हलका आवाज आला की पोरगं नीट उतरलं. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत स्प्रिंग तपासण्यात माझी बावीस वर्षं गेली आहेत. प्रेस मशीनचा आवाज जरासा बदलला तरी कारखान्यात कुणी सांगायला लागत नाही, मान आपोआप तिकडे वळते. तोच कान संध्याकाळी मैदानावर कामाला येतो.

पहिली शिफ्ट साडेतीनला सुटते. पाच वाजता मी सिडकोत, घरामागच्या मैदानावर असतो. १८ मुलं आणि ७ मुली, सगळी १२ ते १५ वर्षांची. कुणाचे वडील सातपूरला कंपनीत आहेत, कुणाचे रिक्षा चालवतात, दोघांच्या घरची भाजीची गाडी आहे. या पोरांना फुटबॉलसोबत मी जे शिकवतो त्याला पुस्तकात प्लायोमेट्रिक ट्रेनिंग म्हणतात. आम्ही मैदानावर नुसतं 'उड्या' म्हणतो. त्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं, कारण मोबाईलवरची रील्स बघून आता जो तो लहान पोरांना लोखंडी बॉक्सवर उड्या मारायला लावतोय. त्यातली काही पोरं गुडघा धरून माझ्याकडे येतात. मी डॉक्टर नाही, हे मी त्यांना आधी सांगतो. पण हे गुडघे कुठून आले ते मला माहीत असतं.

नव्या मुलाला पहिल्या दिवशी मी एक प्रयोग करायला लावतो. तुम्हीही घरी करून बघा. अर्ध्या बैठकीत जा, तिथेच तीन सेकंद थांबा आणि मग उडी मारा. आता सरळ उभे राहा, झटकन खाली जा आणि अजिबात न थांबता वर या. दुसरी उडी उंच जाते. पाय तेच, ताकद तीच. फरक एवढाच की दुसऱ्या वेळी मांडीचा आणि पोटरीचा स्नायू आधी ताणला गेला, खाली येतानाच कामाला लागला, आणि ताणलेला असतानाच आकसला. त्या ताणात, विशेषतः पोटरीला टाचेशी जोडणाऱ्या जाड दोरीसारख्या कंडरेत, जी शक्ती साठली ती उडीत परत मिळाली. मध्ये थांबलं की ती उष्णता होऊन विरते. लोखंडी स्प्रिंग दाबून फिक्स्चरमध्ये अडकवून ठेवली तर उद्या सकाळीही ती तेवढीच उसळेल. शरीरातली स्प्रिंग थांबत नाही. वापरायची तर त्याच क्षणी.

म्हणून सगळा हिशोब पाय जमिनीवर किती वेळ राहतो याचा. पाव सेकंदाच्या आत पाय सुटला तर ती जलद उसळी, जास्त वेळ लागला तर संथ. हेडरसाठी, म्हणजे डोक्याने बॉल मारायला, दोन्ही पायांवर दबून मारलेली उडी संथ प्रकारातली. जोरात पळताना मात्र पाऊल जमिनीवर सेकंदाचा एक दशांश किंवा त्याहून थोडा जास्त वेळच असतं. हे आकडे पोरांना सांगून उपयोग नसतो. मी म्हणतो, "मे महिन्यात दुपारी अनवाणी गच्चीवर वाळवण काढायला पाठवलंय आईने, तसे पाय उचला." लगेच उचलतात.

या व्यायामाची मूळ गोष्ट सोव्हिएत रशियातली आहे. १९६०च्या दशकात तिथले युरी वेर्खोशान्स्की आपल्या खेळाडूंना उंचावरून खाली उतरवून, पाय टेकताच पुन्हा उसळायला लावत. 'प्लायोमेट्रिक्स' हा शब्द नंतर १९७५ साली फ्रेड विल्ट या अमेरिकन प्रशिक्षकाने रूढ केला. इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवायला हवी. वेर्खोशान्स्कींचे खेळाडू वर्षानुवर्षं वजनं उचललेले, घडलेले मोठे ॲथलीट होते. त्यांचा व्यायाम सातवीतल्या मुलाला जसाच्या तसा देता येत नाही. आणि गरजही नाही, कारण सातवीतल्या मुलासाठी आपल्याकडे लंगडी आहे.

लंगडी म्हणजे एका पायावरच्या सलग उसळ्या, त्याही दिशा बदलत, समोरच्याच्या हुलकावणीला उत्तर देत. ठिकऱ्या खेळणारी मुलगी एका पायावर उतरते, तोल सावरते, वाकून ठिकरी उचलते आणि पुन्हा उसळते. दोरीवरच्या उड्या तर आहेतच. आमच्या पिढीला हे गल्लीत फुकट मिळालं. माझ्याकडे येणाऱ्या १२ वर्षांच्या मुलांपैकी निम्म्यांना पहिल्या दिवशी एका पायावर दहा उड्या सरळ रेषेत मारता येत नाहीत. पोरांची चूक नाही ही. गल्लीत गाड्या लागल्या आणि आंगणं गेली.

आपल्या नाशिकची अडचण थोडी वेगळीही आहे. इथे पळणं म्हटलं की लांब पळणं. कविता राऊतने २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरमध्ये ब्राँझ आणलं आणि तिच्या सावरपाडा गावाचं नाव घराघरांत गेलं. ते आपलं वैभवच आहे. पण त्यामुळे पालक मला हमखास सांगतात, "सर, याला राउंड मारायला लावा, दम वाढवा." दम हवाच. पण ती शर्यत २५ राउंडची होती, आणि आमच्या विंगरची, म्हणजे कडेने खेळणाऱ्या पोराची, शर्यत दहा मीटरची असते, तीही दर दोन-चार मिनिटांनी नव्याने. जर्मनीच्या बुंडेसलीगा या फुटबॉल लीगमधल्या ३६० गोलांचं विश्लेषण २०१२ साली प्रसिद्ध झालं. त्यातल्या ८३ टक्के गोलांच्या अगदी आधी, गोल करणाऱ्याने किंवा पास देणाऱ्याने झटक्याची काहीतरी हालचाल केली होती. त्यात सगळ्यात जास्त वेळा दिसला तो सरळ रेषेतला स्प्रिंट. उड्या आणि वळणं त्याच्या मागे. राउंड मारून हे येत नाही.

आता माझी चूक सांगतो. ती सांगितल्याशिवाय पुढचं लिहिणं खरं होणार नाही.

२०१७ साली मी हे सगळं नव्याने वाचत होतो आणि उत्साहाच्या भरात होतो. मैदानाच्या कडेला प्रेक्षकांसाठी सिमेंटच्या पायऱ्या आहेत. दुसऱ्या पायरीवरून खाली, लगेच वर उसळी, पुन्हा पायरीवर. रोज. मोजत नव्हतो. आता आठवून अंदाज केला तर एकेका पोराच्या दोनशे-अडीचशे उड्या होत असतील, आणि त्याही एप्रिलमध्ये. नाशिकची काळी माती एप्रिलमध्ये कशी असते ते इथल्या माणसाला सांगायला नको. भेगा पडतात आणि वरचा थर फरशीसारखा होतो. आमचा गोलकीपर तेव्हा १३ वर्षांचा होता, एका वर्षात शर्टाचे दोन माप पुढे गेलेला. तो सगळ्यात जास्त उड्या मारायचा कारण त्याला सगळ्यात उंच जायचं होतं. तिसऱ्या आठवड्यात तो गुडघ्याच्या वाटीखाली हात लावून म्हणाला, "सर, इथे टेंगूळ आलंय." मी बोट लावलं तर त्याने पाय मागे खेचला. पायऱ्या उतरताना तो कठड्याला धरून, एक एक पाय टाकत उतरला. ते दृश्य अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

डॉक्टरांनी सांगितलं, ऑसगुड-श्लॅटर. नाव भयंकर आहे, प्रकार समजण्यासारखा. वाढत्या वयात हाडाची टोकं अजून पक्की झालेली नसतात. मांडीचा मोठा स्नायू वाटीवरून येऊन नडगीच्या वरच्या टोकाला जिथे धरलेला असतो, तिथे तो सारखा ओढ देत राहतो आणि ती जागा सुजते. उड्या आणि धावणं असलेल्या खेळांतल्या मुलांमध्ये हे नेहमी दिसतं. बहुतेकांचं भार कमी केला की हळूहळू बरं होतं. त्याचंही झालं. पण चार महिने तो बाहेर बसून बॉल परत फेकत होता, आणि त्याच्या आईने मला एका शब्दानेही दोष दिला नाही, हे मला जास्त लागलं. कंपनीत एखाद्या स्प्रिंगचं आयुष्य किती दाबांचं आहे हे मी दिवसभर लिहून ठेवतो, आणि पोराच्या गुडघ्यावर किती दाब पडले ते मी लिहिलं नव्हतं.

तेव्हापासून मोजणं आलं. उडी नाही मोजायची, जमिनीला पाय किती वेळा लागला ते मोजायचं. दोन पाय एकत्र टेकले तरी एक, एक पाय टेकला तरी एक. याला मी 'टेका' म्हणतो. मोठ्या, नवशिक्या खेळाडूंसाठी एका दिवसाला ८० ते १०० टेके असा सर्वसाधारण दंडक आहे. मी मुलांना ५० पासून सुरू करतो आणि आठ आठवड्यांत ९०-१०० च्या पुढे जात नाही. आठवड्यातून दोनच दिवस, मंगळवार आणि शुक्रवार, म्हणजे मध्ये किमान दोन दिवस जातात आणि रविवारच्या मॅचला पाय जड राहत नाहीत. वॉर्म-अप झाल्याबरोबर, पाय ताजे असताना. शेवटी, दमल्यावर, कधीच नाही. दमलेला पाय जमिनीवर रेंगाळतो आणि मग आपण त्याला रेंगाळण्याचीच सवय लावत असतो.

पहिले दोन आठवडे उडी शिकवायचीच नाही. उतरणं शिकवायचं. वीटभर उंचीवरून खाली या, चवड्यावर टेका, गुडघे आणि कंबर वाकवा, आणि पुतळा व्हा. मनात "एक हजार एक, एक हजार दोन" म्हणा. हललात तर तो टेका बाद. मुलं कंटाळतात, उंच उडायचं असतं त्यांना. अशा वेळी मी त्यांना रविवारी पांडवलेण्यावर नेतो. पायथ्यापासून लेण्यांपर्यंत दोनशेच्या आसपास पायऱ्या आहेत. चढताना दम लागतो, पण मांड्या थरथरतात त्या उतरताना. खाली आल्यावर विचारतो, "कुठे जास्त दुखतंय?" मांडीची पुढची बाजू दाखवतात. ताणलं जात असताना वजन झेलणं हे स्नायूला फार दुखवणारं काम आहे, ते सांगायला मग फळा लागत नाही. अर्थात पांडवलेणी महिन्यातून एकदा. दर आठवड्याला नेलं तर पुन्हा २०१७.

मुलींकडे मी जास्त लक्ष देतो. उतरताना त्यांचे गुडघे आत, एकमेकांकडे झुकताना जास्त दिसतात, आणि फुटबॉलमध्ये गुडघ्याच्या आतला एसीएल नावाचा बंध तुटण्याचं प्रमाण मुलींमध्ये मुलांपेक्षा जास्त आहे. तो बहुतेकदा धक्का लागून तुटत नाही. उतरताना किंवा वळताना, आसपास कुणी नसताना तुटतो. म्हणून आमच्या मुली उतरताना आपल्या गुडघ्यांची रेघ पायाच्या बोटांवर येते का ते बघतात, आणि एकमेकींना ओरडून सांगतात, "गुडघे बाहेर!" फिफाने तयार केलेला 'इलेव्हन प्लस' नावाचा वीस मिनिटांचा वॉर्म-अप आहे. त्यातही उड्या आणि तोलाचे व्यायाम आहेत, आणि तो नियमित करणाऱ्या संघांत दुखापती कमी होतात हे पुन्हा पुन्हा दिसून आलंय. त्याला एक पैसा लागत नाही. हा वॉर्म-अप प्रत्येक शाळेच्या मैदानावर व्हायला हवा असं मला फार मनापासून वाटतं.

तिसऱ्या आठवड्यापासून खरी गंमत. घोट्यावरच्या छोट्या उसळ्या, गुडघे जवळजवळ सरळ. मग ओळीत ठेवलेल्या सहा कोनांवरून, म्हणजे छोट्या शंकूंवरून, दोन्ही पायांनी. मग आडव्या उड्या, उजवीकडून डावीकडे, कारण मॅचमध्ये कुणी नुसतं वर उडत नाही. शेवटी लंगडी, दहा मीटर, प्रत्येक पायावर. प्रत्येक फेरीनंतर मिनिटभर थांबायचं. एवढं करून वीस मिनिटं. पावसाळ्यात मैदानाचा चिखल झाला की उड्या बंद. चिखलात पाय रुततो, उसळी मरते आणि घोटा मुरगळतो. उन्हाळ्यात आदल्या संध्याकाळी मी एक पट्टा पाणी मारून ठेवतो. स्टडचे, म्हणजे तळाला खुंट्या असलेले, बूट काढून साधे कॅनव्हास घालायचे, हा नियम.

आता फरक किती पडतो, ते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १३ वर्षांच्या आसपासच्या फुटबॉल खेळणाऱ्या मुलांचे दोन गट केले होते. एकाने नेहमीचा सराव केला. दुसऱ्याने आठ आठवडे, आठवड्यातून दोनदा, सरावातलीच वीस-पंचवीस मिनिटं काढून उड्या केल्या. जादा वेळ नाही. उड्यांच्या गटाची दबून मारलेली उडी ७.९ टक्क्यांनी वाढली, आणि दहा मीटरच्या धावेचा वेळ २.१ टक्क्यांनी कमी झाला. दिशा बदलत धावण्यात फरक त्याहून मोठा होता.

२.१ टक्के ऐकून एक पालक म्हणाले, "एवढंच?" मी खिशातून टेप काढली. दहा मीटरचे २.१ टक्के म्हणजे २१ सेंटिमीटर. एक वीत. मग चार नंबरचा बॉल, जो आमची लहान मुलं खेळतात, तो टेपशेजारी ठेवला. बॉलची जाडी जवळजवळ तेवढीच. म्हणजे दोन पोरं एकाच बॉलकडे धावली तर आठ आठवड्यांपूर्वी ज्याचा पाय बॉलच्या मागच्या कडेपाशी पोचत होता, त्याचा आता पुढच्या कडेपाशी पोचतो. ते गृहस्थ टेपकडे बराच वेळ बघत राहिले.

हा फरक स्टॉपवॉचवर दिसत नाही. दोन सेकंदांच्या धावेत तो चार शतांश सेकंदांचा आहे आणि माझ्या अंगठ्याची चूकच त्याहून मोठी. ज्या मापाचा लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारा सगळ्यात छोटा भाग, फरकापेक्षा मोठा, ते माप वापरायचं नाही, हे मला कंपनीने शिकवलं. म्हणून मी भाच्याच्या मोबाईलवर स्लो मोशन काढतो, सेकंदाला २४० फ्रेम. उडी मोजायला तर हे फार सोपं आहे. पाय सुटल्यापासून टेकेपर्यंतच्या फ्रेम मोजा, २४० ने भागा, आलेल्या सेकंदांचा वर्ग करा आणि १२२.६ ने गुणा. उत्तर सेंटिमीटरमध्ये. आमचा उजवा विंगर सुरुवातीला १०४ फ्रेम हवेत होता, म्हणजे २३ सेंटिमीटर. आठ आठवड्यांनी १०८ फ्रेम, २४.८ सेंटिमीटर. हवेत पाय पोटाशी घेतले तर फ्रेम उगाच वाढतात, म्हणून पाय सरळ ठेवूनच उतरायचं. पहिल्यांदा सगळ्यांनी ती लबाडी करून बघितली.

विंगरची ही वाढ सगळी उड्यांमुळे झाली असं मी म्हणणार नाही. या वयात पोरं नुसती झोपून उठली तरी वाढतात. माझ्याकडे तुलनेला दुसरा गट नाही, कारण कुणाला उड्यांपासून दूर ठेवायला माझं मन होत नाही. म्हणूनच दोन गट करून केलेला तो अभ्यास मला मोलाचा वाटतो.

मागच्या महिन्यात एक ताई त्यांच्या मुलाला घेऊन आल्या. तो एका अकॅडमीत जातो, तिथे रोज उड्या, रोज सराव, आणि शनिवारी-रविवारी मॅच. "सर, तिथले सर म्हणतात दुखलं तरच ताकद येते. हा रात्री टाचेला तेल लावून झोपतो." मुलगा १४चा, वर्षभरात झर्रकन वाढलेला, चालताना हातपाय कुठे ठेवावेत ते त्यालाच कळत नव्हतं. मुलांची उंची साधारण या वयाला सगळ्यात जोरात वाढते, मुलींची दोनेक वर्षं आधी. हाडं पुढे जातात, स्नायू मागून येतात. त्या काळात टेके निम्म्यावर आणायचे आणि दर महिन्याला भिंतीशी उभं करून उंची लिहायची. मी त्यांना म्हटलं, "ताई, आधी टाच डॉक्टरांना दाखवा. आणि तिथल्या सरांना एकच विचारा, एका दिवसात किती टेके होतात. आकडा सांगता आला तर पाठवा." त्यांनी वहीच्या कागदावर तो प्रश्न लिहून घेतला.

आमचा तो गोलकीपर आता आयटीआय करून नोकरीला लागलाय. शुक्रवारी सुटी असली की मैदानावर येतो. कंपनीतून आणलेला हातातला काउंटर मी त्याच्याकडे देतो आणि डोळे मिटून उभा राहतो. तो प्रत्येक टेक्याला अंगठ्याने खटका दाबतो. या शुक्रवारी विंगर लंगडीत होता, अजून दोन मीटर उरले होते, आणि पोरगं छान हलकं पडत होतं. मी काही बोललो नाही. तोच म्हणाला, "नव्वद झाले. उतर खाली दोन्ही पायांवर." आणि कोन गोळा करायला गेला.